निवडणूक-निधी विवरण, अमेरिकन राज्यांतील

निवडणूक लढविणारा उमेदवार किंवा त्याच्यासाठी काम करणारी राजकीय समिती यांनी प्रचारासाठी कोणाकडून किती पैसा घेतला आणि तो कशावर खर्च केला, याचा तपशीलवार हिशेब ठराविक मुदतीत शासकीय अधिकाऱ्याकडे दाखल करून तो जनतेस पाहण्यासाठी खुला ठेवण्याची कायदेशीर व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निवडणुकांचे नियमन पहिल्यापासून प्रामुख्याने राज्यांकडे असल्यामुळे असे कायदे प्रथम राज्यांत झाले. संघीय काँग्रेसने या स्वरूपाचा पहिला कायदा १९१० मध्ये, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानंतर वीस वर्षांनी केला. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचे सदस्य यांच्या निवडणुकांचा हिशेब आता संघीय कायद्याखाली येतो. गव्हर्नर, राज्य विधिमंडळाचे सदस्य, अनेक राज्यांत मतदानाने निवडले जाणारे न्यायाधीश, नगरपालिका व शालेय मंडळे यांच्या निवडणुका, तसेच कायद्याचा एखादा प्रस्ताव थेट मतदारांपुढे ठेवून घेतले जाणारे मतदान हे सर्व मात्र राज्यांच्या कायद्यांखाली येते. या कायद्यांचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहता एक गोष्ट पुन्हापुन्हा प्रत्ययास येते : कायद्याने ज्याचे नाव घेतले त्याने हिशेब दिला आणि पैसा मात्र ज्याचे नाव घेतले नव्हते त्याच्या हातून गेला. त्यामुळे हिशेब कोणी द्यावयाचा, या एका प्रश्नाचे उत्तर राज्यांना दर पिढीत नव्याने द्यावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत मतपत्रिका शासन छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांच्या मतपत्रिका स्वखर्चाने छापून मतदान केंद्राबाहेर वाटीत असे. छपाई व वाटप यांसाठी पैसा लागतो, हे सबळ कारण पक्षांच्या हाती होते आणि त्याच्या आधारे उमेदवारी देताना पक्षसंघटना उमेदवाराकडून ठराविक रक्कम वसूल करीत. न्यूयॉर्क शहरातील टॅमनी हॉल या संघटनेच्या अमदानीत न्यायाधीशपदाच्या उमेदवारालाही ही वर्गणी चुकत नसे. शहराचे कोषाधिकारी राहिलेले विल्यम आयव्हिन्स यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या व्यवहाराचे सविस्तर वर्णन केले. मतपत्रिका शासनाने छापावी, ही ऑस्ट्रेलियातून आलेली सुधारणा १८८८ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्याने स्वीकारली व पाठोपाठ ती इतरत्र पसरली. छपाईचे निमित्त गेले, तेव्हा मग हा पैसा जातो कोठे, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

विचारणाऱ्यांपुढे नमुना होता तो इंग्लंडचा. ब्रिटिश पार्लमेंटने १८८३ मध्ये निवडणुकीतील भ्रष्टाचाराला आळा घालणारा कायदा संमत केला होता. त्यानुसार प्रत्येक उमेदवाराला एक निवडणूक-प्रतिनिधी नेमून सर्व खर्च त्याच्यामार्फतच करावा लागे, खर्चाला कमाल मर्यादा होती आणि निकालानंतर ३५ दिवसांत हिशेब सादर करावा लागे. न्यूयॉर्क राज्याने १८९० मध्ये या कायद्याचा एक भाग उचलला. प्रत्येक उमेदवाराने निवडणुकीनंतर दहा दिवसांत आपल्या खर्चाचे शपथेवरील विवरणपत्र दाखल करावे, असे बंधन घालण्यात आले. खर्चाला मर्यादा नव्हती आणि खर्च एकाच प्रतिनिधीमार्फत करण्याची अटही नव्हती. मुख्य म्हणजे पक्षाच्या समित्यांवर कोणतीच जबाबदारी नव्हती. उमेदवाराने अमुक रक्कम समितीस दिली, एवढे लिहिले की कायद्याची पूर्तता होई. समितीने त्या पैशाचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. इंग्लंडमधील कायदा ज्या एका कलमामुळे परिणामकारक ठरला, नेमके तेच न्यूयॉर्कने सोडून दिले होते.

ही उणीव मॅसॅचूसेट्सच्या १८९२ च्या कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न केला. राजकीय समिती ही स्वतंत्र हिशेबदार संस्था आहे, असे त्याने मानले. प्रत्येक समितीला कोषाध्यक्ष नेमणे व जमाखर्चाचे विवरण दाखल करणे आवश्यक केले. आज अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक राज्याच्या कायद्यात आढळणारा ‘समितीचा कोषाध्यक्ष’ हा अधिकारी या कायद्याने रूढ केला. याच सुमारास कोलोरॅडो, मिशिगन, कॅलिफोर्निया, मिसूरी इ. राज्यांनीही निवडणूक-खर्चाच्या विवरणाचे कायदे कमीअधिक फरकाने केले. मात्र सर्वच टिकले नाहीत. ओहायओ राज्याचा १८९६ चा कायदा बऱ्यापैकी कडक होता. तो १९०२ मध्ये विधिमंडळानेच रद्द केला. ज्यांना हिशेब द्यावयाचा त्यांच्याच हाती कायदा करण्याचा अधिकार असल्याने असे होणे अस्वाभाविक नव्हते.

सुधारणेला पुन्हा गती मिळाली ती निवडणुकीशी वरकरणी संबंध नसलेल्या एका चौकशीमुळे. न्यूयॉर्क विधिमंडळाने १९०५ मध्ये आयुर्विमा कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी सीनेटर विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चार्ल्स एव्हान्झ ह्यूझ हे तिचे वकील होते. न्यूयॉर्क लाइफ या कंपनीने १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीला ४८,००० डॉलरांहून अधिक रक्कम दिली होती, हे साक्षीत उघड झाले. विमाधारकांनी आपल्या विधवांसाठी व मुलाबाळांसाठी ठेवलेला पैसा त्यांच्या संमतीविना एका पक्षाच्या प्रचाराला लागला, या गोष्टीने लोकमत खवळले. देणगी उघड करण्याची मागणी आतापर्यंत सुधारकांच्या वर्तुळापुरती मर्यादित होती. ती आता सामान्य विमाधारकाच्या जिव्हाळ्याची झाली. न्यूयॉर्कने १९०६ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांना बंदी केली आणि समित्यांनाही विवरणपत्र दाखल करणे सक्तीचे केले.

त्याच वर्षी ह्यूझ रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि त्यांनी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा पराभव केला. हर्स्ट यांनी दाखल केलेला खर्च सुमारे २,५६,००० डॉलर, तर ह्यूझ यांचा वैयक्तिक खर्च केवळ सुमारे ६०० डॉलर होता. या दोन आकड्यांवरून एक उमेदवार उधळ्या व दुसरा काटकसरी होता, असा निष्कर्ष निघत नाही. हर्स्ट यांनी बराचसा पैसा स्वतःच्या खिशातून घातला, तर ह्यूझ यांच्या प्रचाराचा भार पक्षाच्या समितीने उचलला होता. जुना कायदा असता, तर मतदारांपुढे केवळ हे दोन आकडे आले असते. समितीलाही हिशेब देणे भाग पाडणाऱ्या कायद्याचे महत्त्व त्या कायद्याला कारणीभूत झालेल्या व्यक्तीच्याच निवडणुकीत असे दिसून आले.

भारतीय कायद्यातही हीच त्रुटी पुढे निराळ्या रूपाने आढळते, कारण त्याचेही मूळ १८८३ च्या ब्रिटिश कायद्याच्या परंपरेत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यातील ७७ व ७८ या कलमांनुसार उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवून तो निकालानंतर ३० दिवसांत सादर करावयाचा असतो. पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात १९७४ मध्ये दिला. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पक्षाचा व मित्रांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळण्यात आला. ही सवलत २००३ मध्ये बरीच आकुंचित करण्यात आली. पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांविषयी स्वतंत्र तरतुदी झाल्या. त्यांत २०१८ पासून अंमलात आलेली निवडणूक रोख्यांची योजना देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी होती. मतदारांच्या माहितीच्या अधिकाराचा भंग होतो, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरविली.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी हिशेब केव्हा द्यावयाचा, हा दुसरा प्रश्न पुढे आला. आरंभीचे बहुतेक कायदे मतदानानंतरच्या विवरणापुरते होते. मते देऊन झाल्यावर कळलेल्या माहितीचा मतदाराला उपयोग काय, असा आक्षेप पेरी बेलमाँट व त्यांचे सहकारी यांनी चालविलेल्या प्रसिद्धी-कायद्याच्या चळवळीत घेतला जाऊ लागला. १९१० चा संघीय कायदाही मूळ स्वरूपात निवडणुकीनंतरच्या हिशेबाचा होता. १९११ मध्ये तो दुरुस्त करून मतदानापूर्वीचे विवरणपत्र आवश्यक करण्यात आले. ऑरेगन राज्यात विधिमंडळाला बाजूस ठेवून मतदारांनीच १९०८ मध्ये जनोपक्रमाद्वारे असा कायदा संमत केला. विधिमंडळ कायदा करीत नसेल तर जनतेने तो करावा, हा मार्ग पश्चिमेकडील राज्यांनी पुढेही अनेकदा चोखाळला.

१९२० पासून पुढील तीस वर्षांत कायदे जवळजवळ सर्वत्र होते आणि त्यांची अंमलबजावणी जवळजवळ कोठेच नव्हती. विवरणपत्रे राज्यसचिवाकडे किंवा जिल्ह्याच्या लिपिकाकडे दाखल होत. ती तपासण्याचा अधिकार, त्यासाठी कर्मचारी आणि पैसा यांपैकी बहुधा त्यांच्याजवळ काहीच नसे. हिशेबाचा नमुना एकसारखा नव्हता. एकाच उमेदवारासाठी दहा समित्या स्थापन झाल्या, तर दहा ठिकाणची कागदपत्रे जुळविल्याशिवाय एकूण खर्च समजत नसे. लुईस ओव्हरअ‍ॅकर या विदुषीने १९३२ मध्ये निवडणुकांतील पैशाविषयी लिहिलेल्या ग्रंथात निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांचा आढावा घेतला. खर्चाला मर्यादा घालण्यापेक्षा माहिती उघड करण्यावर भर द्यावा आणि हिशेब तपासणारी यंत्रणा उभारावी, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख होता. तिच्या म्हणण्याकडे लक्ष जाण्यास आणखी बराच काळ लोटला.

याला उल्लेखनीय अपवाद फ्लॉरिडा राज्याचा. १९४८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आलेले फुलर वॉरेन यांच्या प्रचाराचा फार मोठा भार तीन धनिकांनी उचलला होता. संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या, सीनेटर एस्टिस केफॉव्हर यांच्या समितीच्या कामकाजातून १९५०-५१ मध्ये ही गोष्ट चव्हाट्यावर आली. त्या तिघांपैकी एकाचा घोड्यांच्या व कुत्र्यांच्या शर्यतींचा व्यवसाय होता आणि त्या व्यवसायाचे नियमन गव्हर्नरच्या अखत्यारीत होते, हे लक्षात घेता या देणगीचे गांभीर्य ध्यानी येते. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने १९५१ मध्ये जो कायदा केला, त्याला बोलीभाषेत ‘कोणी दिले, कोणाला मिळाले’ असे नाव पडले. प्रचार सुरू करण्यापूर्वी उमेदवाराने एक कोषाध्यक्ष आणि एक बँक जाहीर करावी; येणारी प्रत्येक देणगी २४ तासांत त्या बँकेत जमा व्हावी; खर्च कोषाध्यक्षाच्या सहीशिवाय होऊ नये आणि प्रचार चालू असतानाच ठराविक कालावधीने हिशेब प्रसिद्ध व्हावा, या त्याच्या प्रमुख तरतुदी होत्या. वृत्तपत्रे हे आकडे छापू लागली आणि प्रतिस्पर्धी उमेदवार एकमेकांचे हिशेब बारकाईने तपासू लागले. कायद्याला स्वतःचे पोलीस नव्हते. पण पैशाला एकच दार ठेवल्यामुळे पहारा करणे सोपे झाले. इंग्लंडमधील एकाच निवडणूक-प्रतिनिधीची जी कल्पना १८९० मध्ये वगळण्यात आली होती, ती साठ वर्षांनी अशा रीतीने अमेरिकेत पोहोचली.

१९७२ ते १९७४ ही तीन वर्षे या इतिहासातील सर्वांत घडामोडीची होत. नवा संघीय कायदा ७ एप्रिल १९७२ पासून अंमलात यावयाचा होता. त्याआधीच्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निधिसमितीने नावे गुप्त राहतील या हमीवर मोठ्या रकमा गोळा केल्या. त्यांपैकी काही पैसा वॉटरगेट इमारतीत १७ जून १९७२ रोजी घुसलेल्या मंडळींपर्यंत पोहोचल्याचे पुढे निष्पन्न झाले. राज्यांनी मात्र वॉटरगेट प्रकरणाचा शेवट होण्याची वाट पाहिली नाही. टेक्सस राज्यात शार्प्सटाउन बँकेच्या समभागांच्या प्रकरणात १९७१ मध्ये वरिष्ठ राजकारण्यांची नावे गोवली गेली, मतदारांनी १९७२ मध्ये अनेकांना घरी बसविले आणि नव्या विधिमंडळाने १९७३ मध्ये प्रचारखर्च विवरणाचा कायदा केला. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर १९७२ मध्ये २७६ क्रमांकाचा जनोपक्रम सुमारे ७२ टक्के मतांनी संमत झाला व त्यातून सार्वजनिक प्रकटन आयोग निर्माण झाला. न्यू जर्सीने १९७३ मध्ये असाच आयोग स्थापन केला. कॅलिफोर्नियात राज्यसचिव जेरी ब्राउन व काही नागरिक संघटना यांनी मांडलेला नवव्या क्रमांकाचा प्रस्ताव ४ जून १९७४ रोजी सुमारे ७० टक्के मतांनी संमत झाला. त्यान्वये पाच सदस्यांचा न्याय्य राजकीय व्यवहार आयोग नेमण्यात आला. त्यातील तिघांहून अधिक सदस्य एकाच पक्षाचे असू नयेत, अशी अट आहे. या कायद्यांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे स्वतंत्र आयोग. कागद स्वीकारून फडताळात ठेवणाऱ्या लिपिकाच्या जागी हिशेब तपासणारी, साक्षीदार बोलावणारी व दंड करणारी यंत्रणा आली.

सध्याच्या नियमांचे स्वरूप कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. एका वर्षात २,००० डॉलर वा त्याहून अधिक देणग्या घेणारा उमेदवार किंवा गट ‘समिती’ ठरतो. त्याला दहा दिवसांत नोंदणी करून कोषाध्यक्षाचे नाव कळवावे लागते. कोषाध्यक्ष नसताना देणगी घेता येत नाही व खर्चही करता येत नाही. एका देणगीदाराकडून वर्षात १०० डॉलर वा अधिक आले की त्याचे नाव, पत्ता, व्यवसाय व मालकाचे नाव द्यावे लागते. सहामाही व मतदानापूर्वीची विवरणपत्रे वेगळी, आणि शिवाय मतदानाच्या आधीच्या ९० दिवसांत एकाच देणगीदाराची रक्कम १,००० डॉलर वा त्याहून अधिक झाली, तर २४ तासांत खबर द्यावी लागते. टेक्ससमध्ये बहुतेक पदांसाठी व्यक्तीने द्यावयाच्या देणगीवर कमाल मर्यादाच नाही. तेथे सारी भिस्त विवरणावर आहे. जानेवारी व जुलै महिन्यांच्या १५ तारखेस आणि लढत असल्यास मतदानाच्या ३० व ८ दिवस आधी तेथे हिशेब द्यावा लागतो. देणगीदाराच्या मालकाचे नाव विचारणे हा वरवर क्षुल्लक तपशील आहे. पण एकाच कंपनीच्या वीस नोकरांनी एकाच आठवड्यात सारखीच रक्कम दिली असेल, तर ती त्यांच्या खिशातली नसावी, ही शंका त्यामुळेच येऊ शकते. कॅलिफोर्नियाने १९९७ च्या कायद्याने मोठ्या समित्यांची विवरणपत्रे संगणकाद्वारे स्वीकारून ती सर्वांना पाहता येतील अशी व्यवस्था केली. इतर राज्येही त्याच मार्गाने गेली.

नाव उघड करण्याच्या सक्तीला दुसरीही बाजू आहे. अ‍ॅलाबॅमा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली असता, ती उघड झाल्यास सभासदांच्या नोकऱ्या जातील व जिवाला धोका पोहोचेल, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. बक्ली विरुद्ध व्हॅलेओ या १९७६ च्या प्रसिद्ध खटल्यात न्यायालयाने खर्चावरील मर्यादा रद्द केल्या. प्रकटनाची सक्ती मात्र वैध ठरविली. मतदाराला माहिती मिळते, भ्रष्टाचाराला धाक बसतो व देणगीमर्यादेचा भंग शोधता येतो, ही तीन कारणे न्यायालयाने दिली. तथापि ज्या लहान पक्षांच्या पाठीराख्यांना छळ किंवा सूड यांची वाजवी भीती असेल, त्यांना सूट मिळावी असेही म्हटले आणि १९८२ मध्ये ओहायओतील सोशॅलिस्ट वर्कर्स पक्षाला ती सूट दिली. त्याच राज्यातील वेस्टरव्हिल या गावी १९८८ मध्ये मार्गरेट मॅकिंटायर या बाईंनी शाळांसाठीच्या नव्या कराविरुद्ध स्वतः छापलेली पत्रके सभेबाहेर वाटली. काही पत्रकांवर त्यांचे नाव नव्हते. राज्याच्या निवडणूक आयोगाने त्यांना १०० डॉलर दंड केला. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९९५ मध्ये निकाल बाईंच्या बाजूने लागला. तो ऐकण्यास त्या हयात नव्हत्या. लक्षावधी डॉलर खर्चणारी समिती आणि हाताने पत्रके वाटणारी एक नागरिक यांना एकाच नियमात बसविले, की कायदा हास्यास्पद होतो, हे या खटल्याने दाखविले. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये समलिंगी विवाहास विरोध करणाऱ्या आठव्या प्रस्तावाच्या देणगीदारांची नावे नकाशावर मांडून इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यात आली आणि काहींवर बहिष्कारही पडला. परंतु त्यांना सूट देण्यास संघीय जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. छळाची भीती खरी असली, तरी सत्तर लाखांहून अधिक मते मिळविणाऱ्या बाजूला ‘लहान गटा’चे संरक्षण कसे मिळावे, हा त्यातील पेच होता.

सिटिझन्स युनायटेड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कंपन्या व संघटना यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंदी उठविली. प्रकटनाची तरतूद मात्र आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कायम ठेवली. यानंतर पैसा अशा बिगर-नफा संस्थांमधून वाहू लागला, की ज्यांना आपले देणगीदार उघड करण्याचे बंधन नव्हते. समितीने विवरणपत्रात संस्थेचे नाव लिहिले की कायदा पाळला जाई; संस्थेला पैसा कोणी दिला, हे अंधारात राही. १८९० मध्ये उमेदवार समितीकडे बोट दाखवीत असे, आता समिती संस्थेकडे बोट दाखवू लागली. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये ॲरिझोनातील एका संस्थेकडून १.१ कोटी डॉलर आले. गव्हर्नरांच्या करवाढीच्या प्रस्तावाविरुद्ध आणि कामगार संघटनांच्या राजकीय वर्गणीवर निर्बंध घालणाऱ्या प्रस्तावाच्या बाजूने ते वापरावयाचे होते. आयोगाने न्यायालयात धाव घेतली. मतदानाच्या दोन दिवस आधी, रविवारी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि मतदानाच्या आदल्या दिवशी संस्थेने नाव सांगितले. पण ते दुसऱ्या एका संस्थेचे होते व तिला तिसऱ्या संस्थेकडून पैसा मिळाला होता. मूळ देणगीदारांची नावे त्या दिवशी मतदारांना कळलीच नाहीत. पुढील वर्षी दोन संस्थांना मिळून १० लाख डॉलर दंड झाला. त्या वेळचे गव्हर्नर जेरी ब्राउन हेच होते. १९७४ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन करविलेला कायदा त्यांच्याच प्रस्तावाच्या वेळी असा कसोटीला लागला.

वॉशिंग्टन राज्यात २०१३ मध्ये जनुकीय बदल केलेल्या अन्नपदार्थांवर तशी नोंद छापण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे होता. किराणा उत्पादकांच्या संघटनेने सभासद कंपन्यांकडून स्वतंत्र खात्यात पैसा गोळा करून त्यातील सुमारे १.१ कोटी डॉलर प्रस्तावाविरुद्ध खर्च केले. विवरणात देणगीदार म्हणून केवळ संघटनेचे नाव होते. प्रस्ताव थोड्या मतांनी फेटाळला गेला. न्यायालयाने २०१६ मध्ये हेतुपुरस्सर लपवाछपवीबद्दल तिप्पट म्हणजे १.८ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायम केला. इतका दंड हा अपवाद होय. कॅलिफोर्नियात विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला १० डॉलर आकारले जातात आणि आयोग एका उल्लंघनाबद्दल कमाल ५,००० डॉलर दंड करू शकतो. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या समितीला हा केवळ कार्यालयीन खर्च वाटला, तर नवल नाही.

या अनुभवांतून मूळ देणगीदारापर्यंत जाणारे कायदे पुढे आले. मोंटॅना राज्याने २०१५ मध्ये या दिशेने कायदा केला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये जाहिरातींवरच सर्वांत मोठ्या तीन देणगीदारांची नावे छापणे सक्तीचे केले. त्यासाठी देणगीची किमान रक्कम ५०,००० डॉलर ठरविण्यात आली. ॲरिझोनात नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी सुमारे ७२ टक्के मतांनी संमत केलेल्या २११ क्रमांकाच्या प्रस्तावानुसार राज्यव्यापी प्रचारासाठी माध्यमांवर ५०,००० डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या कोणत्याही संस्थेस, ५,००० डॉलरांहून अधिक रक्कम ज्याच्याकडून मुळात आली त्या व्यक्तीचे किंवा कंपनीचे नाव, मधल्या हातांसह, सांगावे लागते. आपला पैसा प्रचारासाठी वापरला जाणार आहे, हे संस्थेने देणगीदाराला आधी कळवावयाचे असते आणि नकार देण्यासाठी त्याला २१ दिवसांची मुदत मिळते. नाव प्रसिद्ध झाल्यास शारीरिक इजेचा गंभीर धोका संभवतो, असे दाखवून देणाऱ्या देणगीदाराचे नाव गुप्त ठेवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.